शिशाच्या विटेत उतरलेले आकाश

नदीवर धरण बांधायचे ठरले म्हणजे इंजिनियर मंडळी एकदम नदीत उतरत नाहीत. आधी ती नदी लहान आकारात तयार करतात. पुण्याजवळ खडकवासल्याला यासाठी एक मोठी संशोधन संस्था आहे. १९१६ साली तिची सुरुवात झाली. तिथे नद्या, खाड्या, बंदरे आणि धरणांचे सांडवे छोट्या प्रमाणात उभारतात, त्यांतून पाणी सोडतात आणि पूर कुठे आदळेल, गाळ कुठे साठेल, ते आधीच पाहून घेतात.

पण लहान नदी मोठ्या नदीसारखी वागते ती आपोआप नव्हे. तिला एक हिशेब असतो. सांडवा पंचवीस पटीने लहान केला, तर पाण्याचा वेग पंचवीस पटीने कमी होत नाही, पाच पटीनेच कमी होतो. कारण इथे वर्गमूळ लागते. हा हिशेब सांभाळला तर प्रतिकृती खरे बोलते. नाही सांभाळला, तर ते नुसते पाण्याचे खेळणे होते.

आता मी तुम्हांला विचारतो, नदीची प्रतिकृती होते, तशी आकाशाची होईल का? शेतकऱ्याला माती हातात घेऊन पाहता येते, वैद्याला नाडी पाहता येते. ज्योतिर्विदाला मात्र हजारो वर्षे नुसते पाहतच बसावे लागले. तारा आणून टेबलावर ठेवता येत नाही. कृष्णविवराला थोडे इकडे सरक म्हणता येत नाही. आकाशाने जे दाखवले ते पाहायचे आणि त्यावरून तर्क करायचा, एवढेच त्याच्या हाती होते. गेल्या काही दशकांत ही स्थिती बदलू लागली आहे. आकाशातल्या काही घटना प्रयोगशाळेत लहान आकारात घडवून आणतात. त्यांतली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे प्रतिद्रव्य. आज त्याचीच हकीकत आपण पाहणार आहोत. ती आकाशात सुरू झाली, मुंबईच्या एका तरुणाच्या वहीतून गेली आणि शेवटी शिशाच्या एका लहानशा विटेत येऊन पोहोचली.

प्रथम प्रतिद्रव्य म्हणजे काय, ते पाहू. शाळेत आपण शिकतो की चाराचे वर्गमूळ दोन. पण चांगले मास्तर लगेच सांगतात, "अरे, उणे दोनसुद्धा!" उणे दोनाला उणे दोनाने गुणले तरी चारच येतात. इंग्लंडमध्ये पॉल डिरॅक नावाच्या गणित्याने १९२८ साली इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे एक समीकरण मांडले. त्यातून असेच दुसरे, उणे बाजूचे उत्तर निघत होते. एखाद्याने ते निरर्थक म्हणून खोडून टाकले असते. डिरॅकने खोडले नाही. १९३१ साली त्याने सांगितले की, इलेक्ट्रॉनइतक्याच वजनाचा, पण उलट विद्युतभाराचा एक कण निसर्गात असला पाहिजे. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, तर याचा धन. जमाखर्चाच्या वहीत जमेला नावे असते, तसा हा जोडीदार.

आणि हे दोघे भेटले तर? कराडला आपण कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळताना पाहतो. त्या एक होतात आणि पुढे वाहतात. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण यांचा संगम मात्र वेगळाच. ते भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी प्रकाशाचे, म्हणजे गॅमा किरणांचे, बहुधा दोन कण विरुद्ध दिशांना निघून जातात. वजन संपते आणि ऊर्जा उरते. आइन्स्टाइनने १९०५ साली द्रव्य आणि ऊर्जा यांचे जे नाते सांगितले, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण नाही. उलट दिशेनेही हा व्यवहार होतो. पुरेशा ऊर्जेचा गॅमा किरण एखाद्या जड अणूच्या गाभ्याजवळून गेला, तर तो मोडून इलेक्ट्रॉन आणि प्रतिइलेक्ट्रॉन अशी जोडी जन्माला येते. निसर्ग सुटा एक कण देत नाही, जोडीच देतो.

डिरॅकने हा कण कागदावर पाहिला. प्रत्यक्षात तो सापडला आकाशातून पडताना. १९१२ साली व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यात बसून पाच हजार मीटरांहून वर गेला आणि त्याच्या लक्षात आले की वरून, पृथ्वीबाहेरून, कसले तरी भेदक किरण येत आहेत. त्यांना आपण विश्वकिरण म्हणतो. ते आत्ता, या क्षणी, तुमच्याआमच्या अंगातून जात आहेत. १९३२ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत कार्ल अँडरसन हा तरुण या किरणांच्या वाटेची छायाचित्रे घेत होता. त्याच्याकडे वाफेने भरलेली एक पेटी होती. कण तीतून गेला की मागे धुक्याची बारीक रेघ उमटे. पेटीत त्याने सहा मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता आणि भोवती लोहचुंबक ठेवले होते. एका छायाचित्रात रेघ वळली होती ती इलेक्ट्रॉनच्या उलट बाजूला. वजन मात्र इलेक्ट्रॉनसारखेच. हाच तो डिरॅकचा जोडीदार. त्याला पॉझिट्रॉन हे नाव मिळाले.

आता या हकीकतीत आपला माणूस येतो. होमी भाभा यांचा जन्म मुंबईचा, १९०९ सालचा. १९२७ साली ते इंजिनियरिंग शिकायला केंब्रिजला गेले. त्यांनी परत येऊन जमशेदपूरच्या टाटा कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र पदार्थविज्ञानात गुंतले. इंजिनियरिंगची परीक्षा चांगल्या रीतीने पास झालास तर पुढे हवे ते शीक, असे ठरले. मुलगा पास झाला आणि त्याने आपला हट्ट पुरा केला. ज्या घरांत आज असा तंटा चालू असेल, त्या आईबापांनी आणि मुलांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण यात दोघांनीही शब्द पाळला.

केंब्रिजला डिरॅक शिकवत होते आणि पॉझिट्रॉन नवा नवा सापडला होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून उडाले, तर कोणत्या कोनात किती उडतील, हा हिशेब भाभांनी केला. तो १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. ज्या टकरीचे गणित त्यांनी मांडले, तिला जगभर 'भाभा विकिरण' म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांमध्ये टकरी किती झाल्या, हे मोजायला हाच हिशेब माप म्हणून वापरतात. आपल्याकडे धान्य मोजायला जशी पायली, तशी तिकडे भाभांची टक्कर.

दुसरे काम त्यांनी १९३७ साली वाल्टर हाइटलर यांच्याबरोबर केले. आजच्या विषयाला तेच अधिक महत्त्वाचे आहे. विश्वकिरण जमिनीवर एकेकटे येत नाहीत, कधी कधी त्यांची सरच्या सर कोसळते. असे का होते? भाभा आणि हाइटलर यांनी सांगितले ते असे. वरून एक जोरकस इलेक्ट्रॉन येतो. हवेतल्या अणूच्या गाभ्याजवळ तो वळतो आणि गॅमा किरण सोडतो. त्या गॅमा किरणाची दुसऱ्या गाभ्याजवळ जोडी होते. त्या जोडीतला प्रत्येक जण पुन्हा गॅमा किरण सोडतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. शिक्षक मंडळींनी फळ्यावर करून पाहावे. दहाव्या पायरीला एक हजार चोवीस होतात आणि विसाव्या पायरीला दहा लाखांच्या वर जातात. ऊर्जा मात्र तेवढीच असते, ती वाटली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडी आली की वाढ थांबते आणि सर ओसरते. अमेरिकेत कार्लसन आणि ओपेनहायमर यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे हाच उलगडा केला.

या हिशेबातली एक गंमत ऐका. अशा सरीच्या दृष्टीने आपले सगळे वातावरण, थेट अवकाशापासून समुद्रसपाटीपर्यंत, किती जाड आहे? सुमारे सोळा सेंटिमीटर शिशाएवढे! वीतभरसुद्धा नाही. शिसे दाट आणि त्याचे अणू जड, म्हणून जे काम हवेला कित्येक कोस लागते, ते शिसे बोटभर जागेत उरकते. आकाशातली सर विटेत उतरवण्याची किल्ली इथे होती.

किल्ली मिळाली तरी दार उघडायला वेळ लागला. वरून येणारा तो पहिला जोरकस इलेक्ट्रॉन आपल्या मर्जीने कसा आणायचा? मोठाली यंत्रे होती, ती मैल-मैल लांब. इथे दुसरी वाट सापडली ती प्रकाशाची.

१९६० सालच्या मे महिन्यात अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. साधा दिवा चहूकडे उजेड फेकतो. लेसरचा प्रकाश एका रंगाचा, एका दिशेचा, एका तालाचा. जशी कवायत करणारी तुकडी. पुढे चारच वर्षांत, १९६४ साली, कार्बन डायऑक्साइड वायूपासून जोरदार लेसर निघाला. तो करणारे कुमार पटेल यांचा जन्म आपल्या शेजारच्या बारामतीचा, १९३८ सालचा. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि तिथे बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा शोध लावला. कारखान्यात पत्रा कापायला आणि दवाखान्यात शस्त्रक्रियेला हा लेसर फार उपयोगी पडला.

पण प्रतिद्रव्यासाठी याहून कितीतरी तीव्र प्रकाश हवा होता, आणि तो काढू गेले की यंत्राच्या काचाच फुटत. तोड काढली १९८५ साली डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी. ती आपल्याला वारीवरून समजेल. दिंडीला अरुंद साकवावरून जायचे आहे. सगळे एकदम गेले तर साकव मोडेल. मग काय करतात? एकामागे एक लांब रांग करतात, सावकाश पलीकडे जातात आणि पलीकडे पुन्हा घोळका जमतो. या दोघांनी प्रकाशाच्या स्पंदाला तसेच लांबवले, त्या लांब रांगेतच त्याची ऊर्जा वाढवली आणि शेवटी त्याला पुन्हा दाबून इवलासा केला. काच शाबूत राहिली आणि तीव्रता मात्र हजारो पटीने वाढली. २०१८ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

किती तीव्रता म्हणाल? आपल्या कोयनेच्या साऱ्या वीजघरांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. पेटावॉट जातीच्या एका लेसरची शक्ती अशा सुमारे पाच लाख कोयना प्रकल्पांएवढी. ऐकून छाती दडपते. पण थांबा. ही शक्ती टिकते किती वेळ? सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाला फेम्टोसेकंद म्हणतात. असे काही तीस फेम्टोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीएवढा पुढे जात नाही. म्हणून सारी ऊर्जा मोजली, तर किलोभर ज्वारीची पिशवी माळ्यावर ठेवायला लागते तेवढीच भरते. शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक मुलांना समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

हा झोत सुईच्या अग्राहून बारीक जागेवर पडला की तिथले अणू फुटतात, इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावू लागतात. म्हणजे आकाशातून येणारा तो जोरकस इलेक्ट्रॉन आता टेबलावर मिळाला. पुढचे काम जड अणू करतात, आणि ते भाभा-हाइटलरांच्या हिशेबाप्रमाणेच.

पायऱ्या अशा. १९९७ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या यंत्रावर लेसरचा झोत वेगवान इलेक्ट्रॉनांवर सोडला, तेव्हा शंभरएक पॉझिट्रॉन हाती लागले. नुसत्या प्रकाशाच्या टकरीतून द्रव्य निर्माण होऊ शकेल, हे ब्रायट आणि व्हीलर यांनी १९३४ सालीच सांगितले होते. पण प्रयोगशाळेत ते दिसण्याची आशा त्यांना स्वतःलाच नव्हती. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत हुई चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिलिमीटरभर जाडीच्या सोन्याच्या तुकड्यावर तीव्र लेसर सोडला. एकेका झोतात अब्जावधी पॉझिट्रॉन निघाले. सोने का? दागिन्यासाठी नव्हे! सोन्याच्या अणूचा गाभा जड, त्यात ७९ प्रोटॉन. त्याच्याजवळ जोडी लवकर होते. २०१५ साली इंग्लंडमध्ये जानलुका सारी यांच्या गटाने लेसरने धावते केलेले इलेक्ट्रॉन शिशावर सोडले. शिसे थोडे जाड केले, दोन-तीन सेंटिमीटर, तेव्हा बाहेर पडणाऱ्या झोतात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन जवळजवळ निम्मे निम्मे निघाले. मी मघाशी जी शिशाची वीट म्हटली, ती हीच.

निम्मे निम्मे निघाल्याचे एवढे कौतुक कशाला? नेहमीच्या तापलेल्या, विद्युतभारित वायूत, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, एका बाजूला हलका इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या १,८३६ पट जड प्रोटॉन. एका जुवाला ससा आणि हत्ती जुंपल्यासारखे ते असते. ससा धावतो, हत्ती हलत नाही. जोडीच्या प्लाझ्मात मात्र दोघे सारख्या वजनाचे, जणू आपली खिलारी बैलजोडी. तिची चालच निराळी. लाटा निराळ्या, चुंबकत्वाशी वागणे निराळे. आणि आकाशात हीच जोडी मोठमोठे नांगर ओढते आहे.

कुठे? १०५४ साली चिनी ज्योतिष्यांनी एक तारा फुटताना पाहिला होता. त्याचा उरलेला गाभा सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेत अजून फिरतो आहे. अशा फिरत्या ताऱ्यांना पल्सार म्हणतात. १९६७ साली जोसेलिन बेल या तरुणीला पहिला पल्सार सापडला. पल्सारच्या प्रचंड चुंबकत्वात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्यांची सरच्या सर जन्माला येत असावी, असे १९७१ सालापासून शास्त्रज्ञ मानत आले आहेत. या पल्सारांचे रेडिओ संदेश ऐकणारी एक जगप्रसिद्ध दुर्बीण आपल्याच राज्यात, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या शेतांमधून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून ती उभी राहिली. तिकडे सहल गेली तर मुलांना अवश्य सांगा की, ज्या ताऱ्याचा आवाज ही थाळी ऐकते, त्याच्या अंगणात प्रतिद्रव्याचा पाऊस पडतो.

आता आपल्या देशाकडे वळू. भाभा १९३९ साली सुटीवर आले आणि महायुद्धामुळे इथेच राहिले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापली. ती पुढे मुंबईत कुलाब्याला समुद्रकाठी उभी राहिली. भाभा १९६६ साली विमान अपघातात गेले. संस्था चालू राहिली. तिथे जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत तीव्र लेसर धातूच्या तुकड्यावर सोडून तिथे उठणारे चुंबकत्व मोजतात. ते पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कोट्यवधी पट जबर असते आणि क्षणात विरते. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे प्रद्युमन कृष्ण काव यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या साथीने या गटाने २०१२ साली आणि पुन्हा २०१७ साली दाखवले की, या चुंबकत्वात पुराच्या पाण्यासारखी खळबळ असते, मोठे भोवरे मोडून लहान भोवरे होतात, आणि सूर्याजवळच्या व इतर खगोलीय प्लाझ्मातल्या खळबळीशी तिचे साम्य आहे. प्रतिद्रव्य तयार करणे हा त्या प्रयोगांचा हेतू नव्हता. पण आकाश टेबलावर उतरवण्याची विद्या तीच. इंदूरला राजा रामण्णा यांच्या नावाचे केंद्र आहे, त्याची कोनशिला १९८४ साली बसली. तिथेही पेटावॉट जातीचा लेसर आहे. म्हणजे हे काम केवळ दूरदेशीचे नाही.

पण श्रोतेहो, इथे कोणी शहाणा उठून विचारील, "एवढा खटाटोप करून मिळाले काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल एकच उदाहरण देतो. फार दूरच्या आकाशगंगांच्या पोटात कृष्णविवरे आहेत. त्यांतल्या काही आपल्या दिशेने अति जोरकस गॅमा किरण फेकतात. आपल्या देशानेही असे किरण टिपण्यासाठी लडाखात हानले येथे २१ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली आहे. २०२४ साली तिचे उद्घाटन झाले. या किरणांची वाटेत ताऱ्यांच्या मंद उजेडाशी टक्कर होते आणि जोड्या जन्मतात. त्या जोड्यांनी पुढे कमी जोराचे गॅमा किरण द्यायला हवेत. हिशेबाप्रमाणे ते दिसायला हवेत. पण दिसत नाहीत. हिशेबात खोट कुठे?

दोन तर्क होते. एक म्हणे, आकाशगंगांमधल्या रिकाम्या जागेतही थोडेसे चुंबकत्व आहे आणि ते जोड्यांना वाटेवरून ढकलते. दुसरा म्हणे, जोड्यांचा झोत विरळ वायूतून जाताना आपणच अस्थिर होऊन विस्कटतो. कोण खरे? नुसते पाहून कळण्यासारखे नव्हते. युरोपात जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेत शास्त्रज्ञांनी लेसरऐवजी प्रोटॉनांचा झोत घेतला आणि जड पदार्थावर आदळून दहा लाख कोटींहून अधिक जोड्या एका झोतात काढल्या. हे २०२४ साली प्रसिद्ध झाले. मग तो झोत त्यांनी मीटरभर लांबीच्या प्लाझ्मातून नेला. २०२५ साली निकाल आला. झोत विस्कटला नाही, सरळ आणि बारीक राहिला. म्हणजे दुसरा तर्क लंगडा पडला आणि पहिल्याचे पारडे जड झाले. आकाशगंगांच्या मधल्या पोकळीत विश्वाच्या बालपणापासूनचे चुंबकत्व असेल, या कल्पनेला एका खोलीतल्या प्रयोगाने आधार दिला. पूर्वी असे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत.

काहींना वेगळी धास्ती वाटते. प्रतिद्रव्य द्रव्याला भेटले की सारे वजन ऊर्जा होते. मग याचा बाँब नाही का होणार? आकडेच बोलू देत. सर्नच्या त्या झोतासारखे झोत सेकंदाला एक या गतीने रात्रंदिवस सोडले आणि एकही कण वाया गेला नाही असे धरले, तरी ग्रॅमभर पॉझिट्रॉन जमायला सुमारे पस्तीस लाख वर्षे लागतील. शिवाय जमवायला जी ऊर्जा खर्ची पडते, तिच्या अगदी क्षुल्लक अंशाएवढी परत मिळते. रुपया खर्चून पैसाही हाती येत नाही, असा हा धंदा. तेव्हा भिण्याचे कारण नाही. उलट पॉझिट्रॉन आज रुग्णाच्या कामाला येतो. किरणोत्सारी फ्लुओरीन जोडलेली साखर शरीरात सोडतात. कर्करोगाच्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात. तिथे पॉझिट्रॉन निघून इलेक्ट्रॉनशी मिळतो आणि विरुद्ध दिशांना गेलेले दोन किरण रोगाची जागा दाखवतात. मुंबईत परळला २००२ साली अशी तपासणी सुरू झाली. पुढे ती अनेक शहरांत पोहोचली.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती कराड-पाटणच्या माणसांना सांगायला मला कमी शब्द पुरतील. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट या भागाने पाहिली आहे. तोपर्यंत दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धोक, असे जाणती माणसेसुद्धा मानत होती. पाण्याचा हिशेब नेमका होता. जमिनीच्या हिशेबात जे घातलेच नव्हते, ते त्या पहाटे कोयनानगरला घडले. धरण उभे राहिले, पण माणसे गेली, घरे गेली. प्रतिकृतीत आपण जे घालतो, तेवढेच ती आपल्याला सांगते. जे घातले नाही, त्याविषयी ती मुकी असते.

आकाशाच्या प्रतिकृतीचेही तसेच. शिशाच्या विटेतून निघालेला झोत क्षणभर टिकतो. आकाशातला लाखो वर्षे वाहतो. खोलीतला मीटरभर जातो. आकाशातला कोट्यवधी प्रकाशवर्षे. कोणते माप कोणत्या मापाशी जुळते, कोणते जुळत नाही, हे प्रत्येक प्रयोगात आधी लिहून काढावे लागते. चांगले शास्त्रज्ञ ते लिहितात. सर्नच्या प्रयोगानेही वाद मिटला असे कोणी म्हटले नाही; आता आकाशातल्या त्या चुंबकत्वाचा प्रत्यक्ष माग दुर्बिणींनी काढायचा आहे. प्रयोग आकाशाची जागा घेत नाही. तो आकाशाला नेमका प्रश्न विचारायला शिकवतो.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे एक सांगणे आहे. उद्या वर्गात हा विषय काढलात, तर यंत्रांच्या आकड्यांनी मुलांना दिपवू नका. त्यांना काड्या द्या. एका काडीच्या दोन, दोनाच्या चार करायला लावा. सोबत एक शेर दाणे द्या आणि दर पायरीला ते सर्व काड्यांत सारखे वाटायला सांगा. काही पायऱ्यांनी काड्या भरपूर होतील, पण दाणे प्रत्येकीला एकसुद्धा पुरणार नाही, आणि खेळ थांबेल. मग मुलांना सांगा की, १९३७ साली मुंबईच्या एका तरुणाने हाच खेळ आकाशातून पडणाऱ्या कणांवर केला होता, आणि आज तोच खेळ लेसर आणि शिसे घेऊन जगभर चालू आहे. खेळ का थांबतो, हे ज्या मुलाला स्वतःच्या तोंडाने सांगता येईल, त्याला प्रतिद्रव्य समजायला फारसे उरलेले नाही.